शाप आणि दंड

वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावर अनसिंग लागते. गावात शृंगऋषींचे देवस्थान आहे आणि पोलीस ठाणेही आहे. असा शेजार महाराष्ट्रातील अनेक मोठ्या गावांत आढळतो आणि त्याकडे कोणी मुद्दाम पाहत नाही. परंतु शृंगऋषी हे नाव उच्चारले की आदिपर्वातील एका शापाची आठवण होते, आणि ठाणे हे तर दंडशक्तीचे गावपातळीवरचे ठिकाण. हा शृंगऋषी म्हणजे शमीकपुत्र शृंगी की दशरथाच्या यज्ञाला आलेला ऋष्यशृंग, याची शहानिशा करीत बसणे हा लोकश्रद्धेचा स्वभाव नव्हे; प्रस्तुत विवेचनालाही तिची आवश्यकता नाही. शाप आणि दंड एका गावात शेजारी नांदतात, एवढी सूचना कायदा आणि नीती यांच्या परस्परसंबंधाचा विचार करण्यास पुरेशी आहे.

समाजाला कायदा का लागतो, या प्रश्नाचे रूढ उत्तर माणसाच्या दुष्टपणाशी बांधलेले आहे. मोठा मासा लहान माशाला गिळतो म्हणून राजा हवा, हा मात्स्यन्यायाचा युक्तिवाद शांतिपर्वातही आहे आणि कौटिल्यातही. १६५१ मध्ये हॉब्जने ‘लेव्हायथन’मध्ये केलेली मांडणी तपशिलाने निराळी असली, तरी तिचा पाया हाच आहे. माणसे स्वभावतः सज्जन असती तर कायद्याचे प्रयोजन उरले नसते, असे या भूमिकेत गृहीत धरलेले असते. मग कायदा ही नीतीची कुबडी ठरते. पाय धड असतील तर ती टाकून द्यावी. १७९५ मध्ये शाश्वत शांततेविषयी लिहिताना कांटने या विचाराचे टोक गाठले. राज्यव्यवस्था उभारण्याचा प्रश्न सैतानांच्या राष्ट्रालाही सोडवता येईल, त्यांना अक्कल असली म्हणजे झाले, असे तो म्हणतो. कायद्याला सद्गुणाची गरज नाही, स्वार्थ कळण्याइतकी बुद्धी पुरते, असा त्याचा आशय आहे.

या मांडणीने एक प्रश्न मात्र न विचारताच सोडून दिला आहे. सैतानांच्या राष्ट्राला कायदा लागतो, हे मान्य. ऋषींच्या राष्ट्राला तो लागतो की नाही? शृंगीची कथा नेमकी याच प्रश्नाची कथा आहे. पुराणिकांनी ती परीक्षिताच्या मृत्यूची आणि पुढे भागवतश्रवणाची प्रस्तावना म्हणून इतक्या वेळा सांगितली आहे की तिच्यातला हा पेच सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही.

आदिपर्वातील कथेचा तपशील नीट पाहण्याजोगा आहे. परीक्षित शिकारीला निघाला आहे. बाण लागलेले हरीण निसटले आहे. राजा दमलेला, भुकेलेला, तहानलेला आहे. गाईंच्या वाड्यात बसलेल्या शमीक ऋषीला तो हरणाविषयी विचारतो. शमीकाचे मौनव्रत आहे. तो उत्तर देत नाही. राजाला या व्रताची कल्पना नाही. तो संतापतो, जवळच पडलेला मेलेला साप धनुष्याच्या टोकाने उचलतो आणि ऋषीच्या खांद्यावर टाकून निघून जातो. शमीक तरीही काही बोलत नाही. त्याचा तरुण मुलगा शृंगी त्या वेळी तेथे नाही. त्याला ही बातमी कृश नावाच्या मित्राकडून कळते, आणि तीही खिजवणीच्या सुरात. शृंगी विचारतो तो एकच प्रश्न: वडिलांनी राजाचा काही अपराध केला होता काय? नव्हता, असे कळताच तो हातात पाणी घेतो आणि सात रात्रींच्या आत तक्षकाच्या दंशाने राजा मरेल, असा शाप देतो.

शृंगीची बाजू नैतिकदृष्ट्या भक्कम आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. निरपराध, व्रतस्थ, वृद्ध माणसाची विटंबना झाली आहे. ती करणारा सत्ताधीश आहे. आणि दाद मागायची तर ती त्याच सत्ताधीशाकडे मागावी लागणार. शृंगीला स्वतःसाठी काही नको आहे. त्याचा क्रोध निःस्वार्थ आहे, आणि खरी अडचण याच निःस्वार्थपणात आहे. स्वार्थी माणसाचा राग त्याच्या स्वार्थाच्या सीमेपाशी थांबतो. त्याला तडजोड करता येते, त्याची भरपाई होऊ शकते. धर्मासाठी चिडलेल्या माणसाला कोठे थांबावे, हे सांगणारे त्याच्यापाशी काहीही नसते. एका मेलेल्या सापाबद्दल एक जिवंत राजा, हे प्रमाण कोणत्या तराजूत बसते, असा विचार शृंगीच्या मनाला शिवत नाही, कारण अन्याय मोजायचा असतो ही कल्पनाच त्या क्षणी त्याला अपमानास्पद वाटली असती.

याला उत्तर देतो तो शमीक, म्हणजे ज्याचा अपमान झाला तोच. महाभारतकाराच्या योजनेतील ही जागा फार मोलाची आहे. मुलाने काय केले ते कळल्यावर शमीकाला आनंद होत नाही. तो सांगतो की राजाला आपले व्रत ठाऊक नव्हते, तो थकलेला होता. ज्याच्या राज्यात आपण निर्धास्त राहतो त्याचे असे कृत्य सोसले पाहिजे. मग तो अराजक प्रदेशाचे वर्णन करतो. राजा नसेल तेथे दोष माजतात, उन्मत्त लोकांना तो दंडाने आवरतो, दंडातून भय आणि भयातून शांती निर्माण होते. वरवर पाहता हा मात्स्यन्यायाचाच युक्तिवाद आहे. परंतु तो कोणाला ऐकवला जात आहे, हे विसरता कामा नये. शमीक चोराला किंवा दरोडेखोराला दंडाचे महत्त्व पटवून देत नाही. तो एका तपस्व्याला ते पटवून देतो आहे. आवरायला हवा असा ‘उन्मत्त’ या प्रसंगात धर्माच्या बाजूने बोलणारा स्वतःचा मुलगा आहे.

शापाची रचना पाहिली म्हणजे शमीकाची अस्वस्थता कळते. शाप देण्यापूर्वी शृंगीने एका मित्राचे सांगणे ऐकले, पण ज्याच्यावर आरोप होता त्याचे काहीच ऐकले नाही. ऐकले असते तर राजाला व्रत माहीत नव्हते, एवढे तरी बाहेर आले असते. पुढे शमीक मुलाला विनवतो तेव्हा शृंगी म्हणतो की आपले वाक्य खोटे होणार नाही. थट्टेतही आपण कधी खोटे बोललो नाही. म्हणजे शापावर अपील नाही, पुनर्विचार नाही, दयेचा अर्जही नाही. सत्यवचन हा नीतीतला श्रेष्ठ गुण येथे चूक दुरुस्त करण्याच्या आड येतो! सदाचरणाचा दर्प आणि सुधारणेची अशक्यता यांचे नाते इतक्या थोडक्यात क्वचितच कोणी दाखवले असेल. शमीकाच्या हाती एकच उपाय उरतो. गौरमुख नावाच्या शिष्याला तो राजाकडे पाठवतो आणि काय घडले ते कळवतो. दंड टळत नाही, पण ज्याला तो व्हायचा आहे त्याला निदान कळवले तरी जाते. आजच्या भाषेत बोलायचे तर शमीकाने नोटीस बजावली. शापाच्या या साऱ्या व्यवहारात कायद्याच्या जवळ जाणारी कृती हीच एक आहे. निरोप ऐकून परीक्षित स्वतःच्या मरणापेक्षा आपल्या हातून घडलेल्या कृत्याने अधिक दुःखी होतो, असे व्यास सांगतात. पश्चात्ताप झाला, पण तो दाखल करून घ्यायला कोठे जागाच नव्हती.

पुढे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. तक्षक राजाला मारतो. राजाचा मुलगा जनमेजय सर्पसत्र आरंभतो आणि एका तक्षकासाठी सारी सर्पजात अग्नीत ओढली जाऊ लागते. अपराधी कोण आणि अपराध्याच्या जातीचा कोण, हा भेद यज्ञकुंडापाशी संपलेला असतो. विशेष म्हणजे आदिपर्वात जनमेजयाची गाठ पडते तीच एका तक्रारीशी. त्याच्या भावांनी सरमा या देवशुनीच्या पिल्लाला यज्ञस्थळी मारले. पिल्लाने हविर्द्रव्याकडे पाहिले नव्हते, त्याला तोंड लावले नव्हते. सरमा येऊन विचारते, माझ्या मुलाने काय केले होते? कोणी उत्तर देत नाही. उत्तर न मिळाल्यावर ती शाप देते. या क्रमाकडे लक्ष द्यावे लागते. आधी प्रश्न येतो, मग मौन, आणि त्यानंतर शाप. शमीकाच्या मौनातून राजाचा अविवेक जन्मला. राजपुत्रांच्या मौनातून सरमेचा शाप जन्मला. ज्या समाजात विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्याचे बंधन कोणावर नसते, तेथे शापाला तोटा नसतो, असे या दोन प्रसंगांवरून म्हणता येईल.

सर्पसत्र थांबते ते आस्तीकामुळे. त्याची आई नागकन्या, बाप ऋषी; दोन्ही पक्षांचे रक्त त्याच्या अंगात आहे. तो राजाकडून वर मागून घेतो. इ. स. पूर्व ४५८ मधील ईस्किलसच्या ‘ओरेस्टेया’ या नाट्यत्रयीशी याची तुलना उद्बोधक ठरते. तेथेही पिढ्यान्‌पिढ्यांच्या सूडाची साखळी आहे. पण ती तुटते न्यायसभेत. अथेना नागरिकांना न्यायासनावर बसवते, दोन्ही बाजूंचे ऐकले जाते, मते पडतात, आणि सूडदेवतांना नगरात मानाचे स्थान देऊन शांत केले जाते. महाभारतात एका व्यक्तीचे माहात्म्य जे करते, ते तेथे संस्थेकडून होते. आस्तीक दर वेळी जन्माला येईलच असे नाही, हा या दोहोंतील फरक थोडा नाही. तथापि भारतीय परंपरेत ऋषींच्या राष्ट्रालाही अटी घालण्याची जाणीव नव्हती, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. त्याचा पुरावा विदर्भाच्याच भूमीत आहे. अनसिंगच्या जवळचे वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. राजशेखराने काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह लावला तो याच नगरात. वाकाटकांच्या मुख्य शाखेतील दुसऱ्या प्रवरसेनाचा चम्मक येथील ताम्रपट प्रसिद्ध आहे. एक सहस्र ब्राह्मणांना गाव दान देताना राजा त्यात अटी नमूद करतो: राज्याशी द्रोह करू नये, ब्रह्महत्या, चोरी, व्यभिचार, राजाला विषप्रयोग इत्यादी करू नयेत, युद्ध करू नये, इतर गावांना उपद्रव देऊ नये, तोपर्यंतच दान अबाधित. दान घेणारे त्या काळच्या मूल्यव्यवस्थेत सर्वांत वरच्या स्थानी होते. तरीही त्यांच्या पुण्याईवर विसंबून न राहता शर्ती तांब्यावर कोरून घेतल्या गेल्या. दानपत्राची भाषा धर्माची आहे, पण तिच्यातील ही कलमे कोरडी, हिशेबी आहेत, आणि त्यांचे मोल या कोरडेपणातच आहे.

शाप हा पुराणातला विषय आहे, असे कोणी म्हणेल. महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासात त्याला ‘ग्रामण्य’ आणि ‘बहिष्कार’ अशी नावे आहेत. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा घेतल्याबद्दल न्यायमूर्ती रानडे, टिळक इत्यादींवर ग्रामण्य झाले. शंकराचार्यांकडे प्रकरण गेले, चौकशी झाली आणि १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. सुधारकांना या प्रायश्चित्ताने वेदना झाल्या आणि रानड्यांच्या भीरुतेवर पुष्कळ लिहिले गेले. त्यात एक विसंगती मात्र दुर्लक्षिली गेली. ज्या माणसाचा व्यवसाय इतरांचे म्हणणे ऐकून घेऊन निर्णय देणे हा होता, त्याला स्वतःच्या समाजात चहाच्या पेल्याबद्दल जाब द्यावा लागला. आणि न ऐकणाऱ्यांच्या दबावाखाली घरातली माणसे भरडली जातात, म्हणून त्याने मान तुकवली. ग्रामण्यात निदान चौकशीचा आणि प्रायश्चित्ताने परत येण्याचा मार्ग होता, हेही सांगितले पाहिजे. गावकीच्या किंवा जातपंचायतीच्या वाळीत टाकण्यात अनेकदा तोही नसतो. लग्न जुळत नाही, दुकानदार माल देत नाही, मयताला खांदा मिळत नाही. शिक्षा एकाला आणि भोगणारे घरदार, असे सर्पसत्राचे गणित येथे पुन्हा येते.

येथे विचाराला खरी अडचण पडते. वाळीत टाकणारे लोक गुन्हेगार वृत्तीचे असतात असे नाही. आपण नीती राखतो आहोत, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कारप्रतिबंधक कायदा केला. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला, कारण धार्मिक संप्रदायाला आपले आचारनियम राखण्यासाठी बहिष्काराचा अधिकार असू शकतो, असे बहुमताचे मत पडले. एका न्यायमूर्तींनी, आणि तेही सरन्यायाधीशांनी, भिन्न मत नोंदवले. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा नवा कायदा संमत केला; तो २०१७ च्या जुलैत अमलात आला आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. १९६२ च्या निर्णयाचा फेरविचार व्हावा म्हणून तो प्रश्न २०२३ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवण्यात आला. या साऱ्या प्रवासाकडे ‘कायदा विरुद्ध नीती’ असे पाहणे सोयीचे आहे, पण चुकीचे आहे. कायदा येथे समूहाची नीती मोडीत काढत नाही. चहा पिणे वाईट, असे समूहाने खुशाल मानावे. ती नीती शापाच्या रूपाने, म्हणजे ऐकून न घेता, माप न ठेवता आणि परतीचा दरवाजा बंद करून कोणावर कोसळू नये, एवढीच त्याची मागणी आहे.

हीच गोष्ट मराठी रंगभूमीने १९६७ मध्ये अत्यंत भेदक रीतीने दाखवली. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक पुरुषप्रधान मध्यमवर्गाच्या दांभिकतेचे चित्रण म्हणून वाचले गेले आहे, आणि ते वाचन योग्यच आहे. परंतु दांभिकता दाखवायला नाटककाराला खटला का लागला? दिवाणखान्यातली कुजबूजही चालली असती. रात्रीच्या प्रयोगाआधी वेळ घालवायचा म्हणून सुरू झालेल्या लुटुपुटीच्या खटल्यात बेणारेवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो. न्यायालयाची सगळी बाह्य सामग्री तेथे हजर आहे: पिंजरा, शपथ, साक्षी, ‘शांतता’ची आरोळी. त्या सामग्रीमागे जे असायला हवे, ते एकेक करून गळून पडते. सुखात्मेच फिर्यादी वकील आणि सुखात्मेच बचावाचे वकील. न्यायासनावरचे काशीकर स्वतः उठून साक्ष देतात. सामंत तर हातातल्या कादंबरीतला मजकूर साक्ष म्हणून सांगतो. ज्याच्यावाचून हा आरोप उभाच राहू शकत नाही तो दामले अनुपस्थित आहे आणि त्याच्या अनुपस्थितीची कोणाला खंत नाही. आरोपीला बोलायला दहा सेकंद मिळतात. बेणारेचे दीर्घ स्वगत प्रेक्षकांना ऐकू येते, कोर्टाला येत नाही. शेवटी शिक्षा होते ती अशी की तिच्या गर्भाचा नाश व्हावा. भ्रूणहत्येच्या आरोपाचा निकाल भ्रूणहत्येच्या हुकमात लागतो!

टीकाकारांनी हा उपरोध टिपलेला आहे. त्याहून महत्त्वाचे वाटते ते भूमिकांचे मिसळणे. फिर्यादी, वकील, साक्षीदार आणि न्यायाधीश निरनिराळे असावेत, हा नियम कोरडा, तांत्रिक वाटतो, कारकुनी वाटतो. नाटक दाखवते की तो नियम सुटला की माणसे काय होतात. काशीकर, सुखात्मे, पोंक्षे, कर्णिक, रोकडे यांपैकी कोणीही राक्षस नाही. प्रत्येकाचे आयुष्य थोडेफार फसलेले आहे आणि नीतीचे बोलणे हा त्या फसलेपणावरचा त्यांचा उतारा आहे. त्यांना शृंगीची तपश्चर्या नाही, पण शृंगीची खात्री आहे. दाराची कडी बाहेरून लागलेली असते, हा योगायोग नाटकाच्या रचनेत अगदी साधा म्हणून येतो. नीतीच्या न्यायालयातून बाहेर पडायला दार नसते, असा त्याचा अर्थ करणे कदाचित अतिरेकाचे होईल, पण कडी तेथे आहे खरी.

या विवेचनातून कायद्याची मूर्ती फार उजळ होऊन बसण्याचा धोका आहे. शापाला हद्द नाही आणि दंडाला ती आहे, असे म्हणताना दंडाची हद्द कोणी आखली, हा प्रश्न मागे राहतो. आदिपर्वातच त्याचीही कथा आहे. मांडव्य ऋषीच्या आश्रमात चोर लूट लपवतात; राजाचे शिपाई विचारतात; त्याचेही मौनव्रत आहे. मौन म्हणजे कबुली, असे समजून त्याला सुळावर चढवले जाते. भारतीय संविधानाच्या विसाव्या अनुच्छेदाने आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीपासून जे संरक्षण दिले आहे, त्याची आवश्यकता या एका सुळाने सिद्ध होते. मांडव्य मरत नाही. तो प्रत्यक्ष धर्माकडे जाऊन विचारतो की माझे पाप कोणते? लहानपणी तू कीटकांना गवताची काडी टोचलीस, असे उत्तर मिळते. एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा, म्हणून मांडव्य धर्मालाच शूद्रयोनीत जन्म घेण्याचा शाप देतो आणि चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाचे कृत्य पाप ठरणार नाही, अशी मर्यादा घालून देतो. त्याच्या शापात शूद्रजन्म ही शिक्षा ठरते, ही त्या कथेतील काळी बाजू लपवण्याचे कारण नाही. परंतु मर्यादा घालण्याचे कृत्य शापापेक्षा निराळे आहे. शाप एका धर्मापुरता आहे. मर्यादा पुढच्या सर्व मुलांसाठी आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेने सात वर्षांखालील मुलाचे कृत्य अपराध मानले नाही, आणि २०२४ च्या जुलैत तिची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेतही ती तरतूद कायम आहे. दंड भोगलेल्याने दंडाला जाब विचारायचा आणि त्या जाबातून नवा नियम निघायचा, हा नीतीचा कायद्याशी असलेला दुसरा, आणि अधिक फलदायी, संबंध होय.

एकोणिसाव्या शतकात हा जाब रखमाबाईंनी विचारला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या तरुणीने नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला. दादाजी भिकाजीने दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला, अपिलात तो निर्णय फिरला आणि १८८७ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी महिन्याभरात नवऱ्याकडे जावे, नाही तर सहा महिने कैद भोगावी, असा हुकूम दिला. वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा हा उपाय हिंदू धर्मशास्त्रातला नव्हताच; तो इंग्लंडातल्या चर्चच्या न्यायालयांतून आला होता. सनातनी पक्षाने मात्र तो स्वधर्माचा प्राण असल्याच्या थाटात उचलून धरला, हा विनोद त्या काळच्या वृत्तपत्रांना दिसला नाही. रखमाबाईंनी तुरुंगात जायची तयारी दाखवली. पुढे १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. त्यांच्या भूमिकेत कायद्याचा धिक्कार आहे, पण त्याला बगल देणे नाही. सहा महिने म्हणजे सहा महिने. ते मोजता येतात, भोगून संपवता येतात आणि संपल्यावर नकार तसाच शिल्लक राहतो. त्याच वेळी समाजाने त्यांना दिलेल्या दूषणांना मुदत नव्हती.

डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या भाषणात, जे त्यांना लाहोरला करू दिले गेले नाही, नियम आणि तत्त्व यांत भेद केला. नियम काय करावे ते सांगतो, तत्त्व काय योग्य ते पारखण्याची रीत देते. हिंदू ज्याला धर्म म्हणतात तो आज्ञांचा आणि निषेधांचा ढीग आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. या भेदाला महाडची पार्श्वभूमी आहे. १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले, महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केले. तरी १९२७ च्या २० मार्चपर्यंत चवदार तळ्यावर अस्पृश्यांनी पाणी प्यायले नव्हते. ठराव होता, पण तळ्याभोवती गावाची नीती उभी होती. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळण्यात आली. त्या ग्रंथात एकाच अपराधाला वर्ण पाहून वेगवेगळे दंड आहेत. म्हणजे दंडाला माप असणे पुरेसे नाही. ते माप सर्वांना एक आहे की नाही, हे पारखणारे काहीतरी मापाच्या बाहेर असावे लागते. आंबेडकरांनी ज्याला तत्त्व म्हटले त्याचे काम हे आहे. ते नियमाची जागा घेऊ लागले तर पुन्हा शृंगीच्या हातात पाणी येते. आणि ते नसेल तर मांडव्य सुळावरच राहतो.

विदर्भाच्या अलीकडच्या इतिहासात एक प्रसंग असा आहे की ज्यापुढे ही सगळी मांडणी चाचपडू लागते. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात, न्यायदानाच्याच दालनात, अक्कू यादव या गुंडाला कस्तुरबानगर वस्तीतील जमावाने ठार केले. जमावात स्त्रियांची संख्या मोठी होती. खंडणी, बलात्कार, खून अशा गुन्ह्यांनी त्याने ती वस्ती वर्षानुवर्षे भयाखाली ठेवली होती, आणि पोलिसांकडे जाऊनही काही होत नाही, उलट गेल्याची बातमीच त्याच्यापर्यंत पोहोचते, असे वस्तीचे म्हणणे होते. त्या दिवसानंतर देशभर या स्त्रियांचे कौतुक झाले. त्यांचा क्रोध शृंगीच्या क्रोधापेक्षा कितीतरी अधिक न्याय्य होता. मेलेला साप त्यांच्या वडिलांच्या खांद्यावर पडला नव्हता, तो त्यांच्या स्वतःच्या देहांवर पडला होता. अशा वेळी त्यांना कायद्याचे माहात्म्य ऐकवणारा शमीक कोणत्या तोंडाने उभा राहील? शमीकाचा सारा युक्तिवाद राजा रक्षण करतो, या एका गृहीतकावर उभा होता. येथे सरमा पुन्हापुन्हा येऊन विचारीत होती आणि उत्तर देणारे गप्प होते.

तरीही त्या दालनात जे घडले त्याला न्याय म्हणता येत नाही, आणि हे म्हणण्यासाठी अक्कू यादवविषयी सहानुभूती असण्याची गरज नाही. ज्या पद्धतीने तो संपवला गेला, तीच पद्धत दुसऱ्या गावात, दुसऱ्या जमावाच्या हाती, दुसऱ्या कोणावर तरी चालते. जमावाजवळ खात्री सगळीकडे सारखीच असते. खैरलांजी नागपूरपासून लांब नाही. २००६ च्या २९ सप्टेंबरला तेथे भोतमांगे कुटुंबातील चौघांना मारणारा जमावही आपण गावाची बाजू राखत आहोत, असेच मानत होता. या दोन जमावांना एका पारड्यात घालणे हा नैतिक आंधळेपणा ठरेल; परंतु दोहोंत फरक करायचा तर कोणाचे काय म्हणणे आहे, ते कोठेतरी बसून ऐकून घ्यावे लागते, पुरावा पाहावा लागतो. म्हणजेच जे दालन त्या दिवशी निकामी झाले होते, त्याच्याकडेच परत यावे लागते.

अक्कू यादवच्या खुनाबद्दल वस्तीतील स्त्री-पुरुषांवर खटला चालला. दहा वर्षांनी, २०१४ मध्ये, पुराव्याअभावी आरोपींची निर्दोष मुक्तता झाली. त्या खटल्यात त्यांना वकील होते, साक्षी तपासल्या गेल्या, संशयाचा फायदा आरोपीला देण्याचा नियम त्यांनाही लागू झाला. २००४ पूर्वी त्याच वस्तीतून पोलीस ठाण्यात गेलेल्या तक्रारींचे काय झाले, हा त्या खटल्याचा विषय नव्हता.